विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेत काय ठरलं, हे आपल्याला कधी आणि कसं कळावं?

वाळवंटीकाठ
नमस्कार मंडळी. माझी मुलगी गोवा विद्यापीठाच्या एका कॉलेजात पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गोव्यात नवीन शैक्षणिक धोरण पदवीला २०२३-२४ पासून लागू झालं, म्हणजे चार वर्षांच्या रचनेतली तिची तुकडी पहिलीच. तीन वर्षांनी १२० श्रेयांकांवर (क्रेडिटवर) पदवी घेऊन बाहेर पडायचं, की चौथं वर्ष करून १६० श्रेयांकांची ऑनर्स पदवी घ्यायची, यावर सध्या आमच्याकडे रोज जेवताना चर्चा चालते. तिचा विषय भूगोल. चौथं वर्ष तिच्याच कॉलेजात निघेल का? संशोधनासह ऑनर्स करायचं तर मार्गदर्शक कोण? पुढे एम.ए. एका वर्षाचं की दोन?

या सगळ्यावर कुठल्यातरी बैठकीत निर्णय होतो. अभ्यास मंडळ (एका विषयाचा अभ्यासक्रम बघणारं), विद्या परिषद (शैक्षणिक बाबी बघणारी), कार्यकारी परिषद (विद्यापीठाचा कारभार चालवणारी) ही नावं आपण पेपरात वाचतो. पालकांच्या हाती मात्र येतं ते ग्रुपवर फिरत आलेलं एक पानी परिपत्रक, आणि त्यात "सक्षम प्राधिकरणाने मान्यता दिली आहे" एवढं वाक्य. का दिली, दुसरा कोणता पर्याय समोर होता, खर्च कोण करणार, कुणी विरोध नोंदवला का, यातलं काही त्या पानावर नसतं.

माझं मत स्पष्ट आहे. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या कोणत्याही विद्यापीठाच्या सर्वोच्च मंडळाने विषयपत्रिका बैठकीआधी आणि इतिवृत्त बैठकीनंतर ठरलेल्या मुदतीत लोकांसमोर ठेवावं, आणि निर्णयाखाली कारण लिहावं. तुम्हाला काय वाटतं? विद्यापीठात काम केलेलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा.

काजूबी
शंभर टक्के सहमत. परिपत्रकावर तारीख एक आणि आमच्यापर्यंत पोचतं तेव्हा फॉर्म भरायची मुदत संपत आलेली असते. मी विद्यार्थिनी आहे, सध्या चौथं सत्र.

फोंड्याचा_मास्तर
मी कॉलेजात शिकवतो आणि एका अभ्यास मंडळावर काम केलेलं आहे. आधी वाळवंटीकाठ यांच्या घरगुती प्रश्नाकडे वळतो, कारण मुलीचं वर्ष कुणासाठी थांबणार नाही.

संशोधनासह ऑनर्ससाठी यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण ही अट आहे. साध्या ऑनर्सला ती अट नाही, तिथे प्रबंधाऐवजी जास्तीचे पेपर असतात. पदव्युत्तरचा आराखडा यूजीसीने २०२४ मध्ये काढला. त्यानुसार चार वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. एका वर्षाचं आणि तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचं. एकूण वर्षं दोन्हीकडे पाचच. फरक एवढाच की चौथं वर्ष कॉलेजात काढायचं की ताळगावच्या पठारावर, विद्यापीठात. भूगोलासारख्या विषयात प्रयोगशाळा, नकाशे, जीआयएसची सोय कुठे चांगली आहे ते स्वतः जाऊन बघा आणि मग ठरवा.

आता मूळ मुद्दा. सगळं खापर कार्यकारी परिषदेवर फोडू नका. कॉलेजात चौथं वर्ष काढायचं तर शिक्षक लागतात. ती पदं मंजूर करणं आणि अनुदानित कॉलेजांचं अनुदान हा विषय पर्वरीच्या उच्च शिक्षण संचालनालयाचा. विद्यापीठ अभ्यासक्रमाला आणि संलग्नतेला मान्यता देतं. आज कितीतरी वर्ग लेक्चर बेसिसवरच्या, म्हणजे तासांप्रमाणे पैसे मिळणाऱ्या, तरुण शिक्षकांच्या जिवावर चालतात, त्यांना पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हेच माहीत नसतं. अशा माणसाने वर्षभर प्रबंधाचं मार्गदर्शन कसं करायचं? परिषदेच्या ठरावात "चौथ्या वर्षाला मान्यता" असं एक वाक्य येतं. त्यामागचा हा हिशेब कुणीच मांडत नाही.

वाळवंटीकाठ
मास्तर, मनापासून आभार. एकूण पाचच वर्षं ही गोष्ट आम्हाला कुणी इतक्या सरळ सांगितली नव्हती. आज मुलीला वाचून दाखवतो.

आणि तुम्ही शेवटी लिहिलंत तेच मला म्हणायचं आहे. तो हिशेब परिषदेच्या सदस्यांसमोर येतच असणार. मग तो आमच्यासमोर का येऊ नये?

सभाविभाग
निवृत्त आहे. एका विद्यापीठाच्या सभा विभागात नोकरी झाली. कुठलं ते सांगत नाही, पद्धत सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच असते. बैठक आतून कशी दिसते ते सांगतो, म्हणजे मागणी नेमकी कशाची करायची ते कळेल.

बैठकीच्या आदल्या आठवड्यात आम्ही विषयपत्रिकेचे गठ्ठे बांधायचो. प्रत्येक विषयाला एक टिपणी. पहिल्या परिच्छेदात प्रस्ताव कुठून आला, दुसऱ्यात परिनियम किंवा अध्यादेशातली तरतूद, तिसऱ्यात पूर्वीचा ठराव असेल तर त्याचा क्रमांक, मग वित्ताधिकाऱ्यांचा अभिप्राय, आणि शेवटी "विचारार्थ व निर्णयार्थ सादर". टिपणी चांगली लिहिलेली असली की त्या दीड पानात सगळं असतं. वाळवंटीकाठ यांनी विचारलेलं कारण, पर्याय, खर्च, सगळं. लोकांपर्यंत मात्र पोचते ती टिपणीची शेवटची ओळ.

दुसरी गोष्ट आयत्या वेळच्या विषयांची. विषयपत्रिका आधी पाठवलेली असते, ती लोक वाचून येतात. आयत्या वेळचे विषय म्हणजे बैठक सुरू झाल्यावर अध्यक्षांच्या परवानगीने टेबलावर ठेवलेले सुटे कागद. आमच्याकडे ते स्टेपल केलेले असायचे, झेरॉक्सची ऊब अजून कागदाला असायची. एक सदस्य चष्मा शोधतोय, एक पान उलटतोय, तोवर "सर्वानुमते मंजूर" लिहून व्हायचं. खरोखर तातडीचे विषय असतातच, पूर आला, संप झाला, कोर्टाचा आदेश आला. पण महिनोन्‌महिने फायलीत पडलेला विषय आयत्या वेळी यायला लागला की समजावं, त्यावर चर्चा नको आहे.

तिसरी, कार्योत्तर मंजुरी. बहुतेक विद्यापीठ कायद्यांत कुलगुरूंना तातडीचा अधिकार असतो. परिषदेची बैठक नसताना त्यांनी निर्णय घ्यायचा आणि पुढच्या बैठकीत कळवायचा. तरतूद गरजेची आहे, तिच्याशिवाय परीक्षा चालणार नाहीत. पण निर्णय अमलात येऊन गेल्यावर परिषद काय नाकारणार? विद्यार्थ्यांनी फी भरलेली असते, माणूस रुजू झालेला असतो.

आणि चौथी, विरोधाची नोंद. सदस्य तोंडी कितीही बोलला तरी "माझा विरोध नोंदवा" असं म्हटलं नाही तर इतिवृत्तात एक शब्द येत नाही. मी कितीतरी तापलेल्या चर्चा ऐकल्या, कागदावर त्या "चर्चेअंती मान्यता देण्यात आली" अशा उतरल्या.

मांडवीपार
@सभाविभाग काका, हे वाचून अंगावर काटा आला. एक विचारते. इतिवृत्त यायला इतका वेळ का लागतो? टाइप करायला किती वेळ लागतो?

सभाविभाग
टाइप दोन दिवसांत होतं, बाई. ते "कायम", म्हणजे बरोबर आहे म्हणून मंजूर, पुढच्या बैठकीत होतं. पुढची बैठक दोन-तीन महिन्यांनी. तोवर अधिकारी म्हणतात, इतिवृत्त अजून कायम झालेलं नाही, देता येणार नाही. गंमत अशी की त्याच कायम न झालेल्या इतिवृत्ताच्या आधारे परिपत्रकं मात्र दुसऱ्या दिवशी निघतात. उपाय साधा आहे. "कायम होण्याच्या अधीन" असा शेरा मारून मसुदा प्रसिद्ध करायचा.

आगशीकर
मला वेगळं म्हणायचं आहे, रागावू नका. मी खाजगी कंपनीत संचालक मंडळाच्या बैठका जवळून पाहिल्या आहेत. सगळं उघड्यावर आलं की माणसं खरं बोलायचं बंद करतात. शिक्षकाची बढती, कुणावरची चौकशी, कोर्टातला दावा, कंत्राटदाराशी वाटाघाटी या गोष्टी चव्हाट्यावर मांडायच्या का? आज गोव्यात कुठल्याही विषयाला दोन दिवसांत राजकीय रंग चढतो. सदस्याने एक वाक्य बोललं की संध्याकाळी त्याचा व्हिडिओ. मग बैठकीत सगळे मान डोलावतील आणि खरा निर्णय बैठकीआधी कुणाच्या तरी केबिनमध्ये होईल. परिषदेवर विश्वास टाकून तिला काम करू द्यावं, आणि चुकलं तर कुलपती म्हणून राज्यपाल आहेत, उच्च न्यायालय आहे.

फोंड्याचा_मास्तर
आगशीकर, तुमचा अर्धा मुद्दा मान्य. व्यक्तींचे विषय झाकलेच पाहिजेत. पण चौथं वर्ष, शुल्क, संलग्नता, परीक्षेची पद्धत, जमीन, नवे विभाग हे व्यक्तींचे विषय नाहीत. ते वेगळे काढता येतात. आणि केबिनमधल्या निर्णयांची भीती म्हणाल तर ती बंद दाराआड जास्तच आहे.

वकील_म्हापसा
यात मतभेदाला फारशी जागा नाही, कायदा स्पष्ट आहे. माहिती अधिकार कायदा २००५ लोक फक्त अर्जासाठी वापरतात, दहा रुपये भरायचे आणि तीस दिवस वाट बघायची. त्यातलं कलम ४ कुणी वाचत नाही. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ हे सार्वजनिक प्राधिकरण आहे, त्यामुळे ते त्याला लागू आहे. ४(१)(ख) सांगतं की मंडळं, परिषदा, समित्या कोणत्या, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त पाहायला मिळतं का, हे अर्जाची वाट न बघता जाहीर करायचं. ४(१)(ग) सांगतं की लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण ठरवताना किंवा निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करायची. आणि ४(१)(घ), प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तींना द्यायची. वाळवंटीकाठ जे मागत आहेत त्यातलं बरंचसं २००५ पासून पुस्तकात छापलेलं आहे.

आगशीकर यांच्या काळजीची सोयही त्याच कायद्यात आहे. कलम ८ मध्ये अपवाद आहेत, कलम १० प्रमाणे झाकायचा भाग वगळून उरलेला द्यायचा. माझी चिंता उलट दिशेची आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ८(१)(ञ) मधला वैयक्तिक माहितीचा अपवाद फारच रुंद करून टाकला. आता साध्या बैठकीच्या कागदावरही "यात नावं आहेत" म्हणून बोट ठेवलं जाऊ शकतं.

काजूबी
सर, पेपर तपासणीबद्दल पण हेच लागू होतं का? पुनर्मूल्यांकनात गुण का वाढले नाहीत ते कुणी सांगत नाही.

वकील_म्हापसा
उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क तुला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या खटल्यात तपासलेली उत्तरपत्रिका ही "माहिती" असल्याचं सांगितलं, ते विद्यापीठांच्या परीक्षांनाही लागू पडतं. आणि तक्रार असेल तर यूजीसीचे २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम वाच. आधी कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार. समितीने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तो पटला नाही तर पंधरा दिवसांत लोकपालाकडे अपील, लोकपालाने तीस दिवसांत निकाल द्यायचा. तक्रार तोंडी करू नकोस, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.

मांडवीपार
पणजीत राहत असूनही मला विद्यापीठात लोकपाल हा प्रकार असतो हेच ठाऊक नव्हतं. हे प्रत्येक कॉलेजच्या दारावर लावायला हवं.

कदंब_बस
विषय जरा मागे नेतो. माझ्या पिढीतल्यांना आठवेल, १९६२ मध्ये धेंपे आणि चौगुले ही कॉलेजं निघाली तेव्हा आम्ही मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी होतो. पुढे पदव्युत्तरसाठी पणजीत मुंबई विद्यापीठाचं केंद्र झालं. अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल सगळं मुंबईहून. गोव्याचं स्वतःचं विद्यापीठ हवं ही मागणी नुसत्या अभिमानाची नव्हती. आपल्या मुलांचे निर्णय घेणारी माणसं आपल्याला भेटावीत, त्यांना जाब विचारता यावा, ही तिच्यामागची कळकळ होती.

कायदा १९८४ चा, काम सुरू झालं १ जून १९८५ ला. तेव्हा गोवा केंद्रशासित होता, घटकराज्य ३० मे १९८७ ला झाला. मंडळांची नावंही महाराष्ट्रापेक्षा वेगळी राहिली. तिकडे व्यवस्थापन परिषद, इकडे कार्यकारी परिषद. तिकडे अधिसभा (सिनेट), इकडे तशाच सभेचं नाव कोर्ट. पठारावरचा परिसर सतीश गुजराल यांनी आखला. चारशे एकरांहून मोठी जागा, खाली जुवारीचं मुख. पहिल्यांदा गेलो तेव्हा वारा इतका होता की हातातला प्रवेशाचा फॉर्म उडून काजीच्या झाडात अडकला होता!

म्हणून सांगतो, मुंबईचं अंतर गेलं, आता पणजीहून पठार हे अंतर राहता कामा नये.

शिरोड्याची_पोर
कदंब_बस काका, फॉर्म मिळाला का शेवटी? 😀

कदंब_बस
मिळाला गो. शिपाईमामांनी काठीने काढून दिला.

बोरिवलीचा_गोंयकार
मुंबईतून लिहितो. बैठकीतल्या घाईची किंमत काय असते ते आमच्याकडे २०१७ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या सगळ्या उत्तरपत्रिका, सुमारे १७ लाख, स्कॅन करून संगणकावर तपासायचं ठरवलं. कल्पना वाईट नव्हती. पण एकदम सगळ्या विद्याशाखांना, एकाच हंगामात, प्राध्यापकांची पुरेशी तयारी करून न घेता. कुलपतींनी ३१ जुलैपर्यंत निकाल लावायला सांगितलं, तारीख उलटून गेली, काही निकाल सप्टेंबरात लागले. परदेशी प्रवेश, नोकऱ्या, पुढचे अभ्यासक्रम सगळं लटकलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं.

त्याच वर्षी १ मार्चला महाराष्ट्राचा नवा विद्यापीठ कायदा लागू झाला होता आणि नव्या अधिसभेची निवडणूक अजून व्हायची होती. म्हणजे नेमक्या प्रश्न विचारायच्या वेळी निवडून आलेली माणसं सभागृहात नव्हती. आगशीकर, तुम्ही म्हणता चुकलं तर कुलपती आहेत. आहेत, पण ते येतात तेव्हा मुलांचं वर्ष गेलेलं असतं.

आगशीकर
बोरिवलीकर, उदाहरण बिनतोड आहे. पण ते घाईचं उदाहरण आहे, गुप्ततेचं नाही. इतिवृत्त प्रसिद्ध झालं असतं तर काय थांबलं असतं?

बोरिवलीचा_गोंयकार
विषयपत्रिका आधी लोकांसमोर आली असती तर पेपर तपासणारे हजारो प्राध्यापक आधीच ओरडले असते की हे एका महिन्यात होणार नाही. त्यांना माहीत होतं. त्यांना विचारलं गेलं असतं.

फोंड्याचा_मास्तर
दिल्ली विद्यापीठाचंही घ्या. चार वर्षांची पदवी तिथे २०१३ मध्येच आणली होती. विद्या परिषदेत आणि कार्यकारी परिषदेत काही सदस्यांनी विरोध नोंदवला होता, शिक्षक संघटना रस्त्यावर होत्या, तरी रेटून नेलं. जून २०१४ मध्ये यूजीसीच्या आदेशाने ती गुंडाळली गेली आणि मधल्या तुकडीला परत तीन वर्षांत बसवलं. आज तीच कल्पना नव्या धोरणातून देशभर आली आहे. तेव्हाच्या त्या विरोधात शिक्षकसंख्या, वर्गखोल्या, पायाभूत अभ्यासक्रमांचा दर्जा असे मुद्दे होते. ते आपल्याकडे कुणी टेबलावर ठेवले का, हे मला गोव्याच्या कागदांत वाचायला आवडेल.

पेडण्याची_सून
मला एक विचारायचं आहे. हे सगळे कागद इंग्रजीतच असणार ना? आमच्या भागात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलांचे पालक आहेत. विर्नोड्याला सरकारी कॉलेज झालं म्हणून मुली शिकल्या, नाहीतर म्हापशाला कोण पाठवणार होतं? त्यांच्या आयांनी इंग्रजी ठराव वाचायचा? १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापराची तरतूद आहे. विद्यापीठाने निदान निर्णयांचा गोषवारा दोन्ही भाषांत द्यावा.

मांडवीपार
+१. कृपा करून आता कोकणी-मराठी वाद सुरू करू नका हां कुणी, दोन्ही भाषांत म्हटलंय त्यांनी.

आगशीकर
वाद नाही, पण व्यवहार बघा. चाळीस विषयांची टिपणी भाषांतरित करायची तर इतिवृत्त आणखी लांबेल. चूक शब्दामुळे कोर्टात जायची वेळ येईल.

सभाविभाग
टिपणी नको, गोषवारा पुरे. विषय, निर्णय, कुणाला लागू, कधीपासून, विचारायचं कुणाला. एका विषयाला चार-पाच ओळी. आम्ही वर्तमानपत्रांसाठी असं पत्रक काढायचोच. आणि विद्यापीठात शणै गोंयबाब यांच्या नावाची भाषांची आख्खी महाशाळा आहे, मराठी-कोकणी दोन्ही अध्ययनशाखा तिथे आहेत. माणसांची वाण नाही.

शिरोड्याची_पोर
सगळं वाईटच आहे असं वाटायला लागलं वाचून, म्हणून एक चांगलं लिहिते. विद्यापीठाचा अतिथी संशोधन प्राध्यापकांचा उपक्रम आहे. कोसंबी, बाकीबाब बोरकर, मारियो मिरांडा, सोहिरोबानाथ आंबिये अशा गोव्याच्या माणसांच्या नावांनी अध्यासनं आहेत, कला आणि संस्कृती संचालनालयाच्या मदतीने चालतात, आणि त्यातली व्याख्यानं, छोटे अभ्यासक्रम बाहेरच्यांनाही खुले असतात. मी नोकरी सांभाळून असा एक केला. शेजारच्या बाकावर निवृत्त बँक मॅनेजर, मागे शाळेतल्या बाई आणि पुढे पीएचडीची मुलं. व्याख्यान संपलं तरी कुणी उठेना, बाई आणि पीएचडीचा मुलगा सोहिरोबांच्या एका पदावरून शेवटपर्यंत भांडत होते. हासुद्धा कुठल्यातरी बैठकीत झालेला निर्णयच ना? मग अशा निर्णयांची पण बातमी व्हायला हवी.

कदंब_बस
अगदी खरं, पोरी. लोकांना दार उघडं मिळालं की लोक येतात.

आगशीकर
शिरोड्याच्या पोरीने लिहिलेलं वाचून आणि सभाविभाग यांची गोषवाऱ्याची कल्पना पाहून एवढं म्हणतो, की व्यक्तींचे विषय बाजूला ठेवून धोरणाचे विषय आधी जाहीर करायला माझी हरकत नाही. बैठकीचं थेट प्रक्षेपण वगैरे मागू नका. त्याला माझा विरोध कायम.

वाळवंटीकाठ
प्रक्षेपण मी मागितलंच नव्हतं, आगशीकर. 🙏

इतकी चर्चा झाली आहे तर ती इथेच विरून जाऊ नये. कुलसचिवांना आणि प्रत म्हणून कुलपतींच्या कार्यालयाला एक पत्र पाठवावं असं मनात आहे. सूर तक्रारीचा ठेवायचा नाही. संकेतस्थळावर आज जे काही ठेवलेलं आहे ते आधी बघून, जे नाही तेवढंच मागायचं. कच्चा मसुदा असा:

कार्यकारी परिषद आणि विद्या परिषद यांच्या बैठकीची विषयपत्रिका, व्यक्तींचे विषय वगळून, बैठकीपूर्वी संकेतस्थळावर ठेवावी. इतिवृत्ताचा मसुदा "कायम होण्याच्या अधीन" या शेऱ्यासह योग्य वेळेत प्रसिद्ध करावा. शुल्क, अभ्यासक्रमाची रचना, परीक्षापद्धती आणि संलग्नता यांवरच्या निर्णयांसोबत त्यांची टिपणी जोडावी, म्हणजे कारण आणि आर्थिक भार दोन्ही कळतील. आयत्या वेळचे आणि कार्योत्तर मंजुरीचे विषय वेगळ्या यादीत दाखवावेत. सदस्यांचा विरोध नोंदवला गेला असल्यास तो गाळू नये. निर्णयांचा गोषवारा कोकणीत आणि मराठीत द्यावा.

वकील_म्हापसा
चांगला आहे. सुरुवातीला कलम ४(१)(ख), (ग) आणि (घ) चा उल्लेख घाला, म्हणजे ही मेहेरबानी मागितल्यासारखं दिसणार नाही. पत्र हातोहात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

फोंड्याचा_मास्तर
चौथ्या वर्षासाठी एक ओळ वाढवा: कोणत्या कॉलेजात कोणत्या विषयाचं चौथं वर्ष असेल आणि तिथे नियमित शिक्षक किती, याची यादी प्रवेशाआधी लावावी. शिक्षकांचा आकडा संचालनालयाकडे असतो, म्हणून एक प्रत पर्वरीला पाठवा. आमच्या संघटनेतले काहीजण सही करतील.

पेडण्याची_सून
पेडणे आणि बार्देसच्या पालकांच्या सह्या मी गोळा करते. गोषवाऱ्याच्या मुद्द्याबद्दल देव बरें करूं.

काजूबी
विद्यार्थ्यांच्या सह्या चालतील ना? आमच्या वर्गातल्या सगळ्यांना पाठवते.

वाळवंटीकाठ
चालतील काय, तुमच्याच आधी हव्यात. मसुदा रविवारपर्यंत सुधारून टाकतो.

सभाविभाग
एक दुरुस्ती. "योग्य वेळेत" काढून टाका. आयुष्यभर त्या दोन शब्दांखाली फायली दाबलेल्या पाहिल्या आहेत. "बैठकीच्या तारखेपासून पंधरा दिवसांत" लिहा. विषयपत्रिकेलाही "बैठकीच्या सात दिवस आधी" असं लिहा, आणि मुदत पाळता आली नाही तर त्याचं कारण त्याच पानावर द्यावं, हेही जोडा.